पंचवीस घरं

कुलगुरू म्हणून रुजू झालो त्या दिवशी हारतुरे उरकल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला, पहिली नस्ती समोर आली. एका महाविद्यालयाचे अंतर्गत गुण विद्यापीठाकडे नव्हते, म्हणून तिथल्या एकशे चाळीस मुलांचा निकाल राखीव पडला होता. नस्तीत अकरा टिपण्या होत्या. मी सगळ्या वाचल्या. महाविद्यालयाचं म्हणणं, आम्ही सीडी वेळेत पाठवली. आवक-जावकचं म्हणणं, अशी नोंदच नाही. परीक्षा विभागाचं म्हणणं, आम्ही तीन स्मरणपत्रं दिली. संगणक विभागाने लिहिलं होतं की सीडी मिळाली, पण उघडली नाही, आणि पुढे काय करायचं याचे आदेश नव्हते. शेवटी कक्षाधिकाऱ्यांची सही आणि तिच्यावर एक वाक्य: ‘जबाबदारी निश्चित करण्यासाठी सादर.’

सीडी का उघडत नव्हती, हे अकरा टिपण्यांत कुठेही नव्हतं.

मी ती मागवली. कपाटातून निघाली. महाविद्यालयाने गुणांची फाइल नव्या एक्सेलमध्ये साठवली होती आणि आमच्या परीक्षा विभागातलं एक्सेल जुनं होतं, एवढंच. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी एकशे चाळीस मुलं अडीच महिने थांबली होती.

तोवर तीसेक वर्षं मी ज्या विषयात काढली होती, तिथे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, चूक कुठे आहे? कोणत्या ओळीत, कोणत्या आकड्यावर, कोणत्या क्षणी? ज्याने प्रोग्राम लिहिला तोच बहुतेक वेळा शोधायलाही बसलेला असतो, त्यामुळे ‘कोणाची’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. इथे ‘कुठे’ची जागा ‘कोणाची’ने घेतली होती. २०१४ ते २०१९ ही पाच वर्षं मी बरंच काही केलं, बरंच फसलं. पण मागे वळून पाहताना वाटतं, सगळी झटापट या एका शब्दाशीच होती.

*

मी संगणकात आलो तो संख्याशास्त्राच्या मागच्या दाराने. एम.एस्सी. झालो आणि १९८१ साली विद्यापीठाच्या संगणक केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागलो. संगणकाचं रीतसर शिक्षण शून्य. राजारामन यांचं फोर्ट्रानचं पुस्तक, कोबॉलची एक जाडजूड मॅन्युअल आणि साहेबांचा ओरडा, एवढ्या शिदोरीवर आमची पिढी उभी राहिली. आयबीएम १९७८ साली भारत सोडून गेली होती. तिची यंत्रं इथेच राहिली आणि त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. तिचे इंजिनियर आले की आम्ही त्यांना डॉक्टर घरी आल्यासारखे वागवायचो. खोली वातानुकूलित, चपला दाराबाहेर. आईने एकदा येऊन सगळं पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं, “याला थंडीत बसायचा पगार देतात.”

माझं पहिलं मोठं काम म्हणजे पदवी परीक्षेच्या निकालाचा प्रोग्राम. तेव्हा सारी माहिती पंच कार्डावर जायची. पोस्टकार्डापेक्षा जरा लांब असा जाड कागदाचा तुकडा, त्यावर ऐंशी उभे कॉलम. आम्ही त्यांना घरंच म्हणायचो, कारण कोडिंग शीटवर ते चौकटींसारखे छापलेले असत. एका घरात एक अक्षर किंवा एक आकडा. पंचिंगच्या खोलीत ओळीने मुली बसायच्या. एक कार्ड भोकं पाडून तयार करायची, दुसरी तेच व्हेरिफायरवर पुन्हा टंकून तपासायची. त्या खोलीचा खडखडाट अजून कानात आहे.

साहेब म्हणाले, “एका मुलाला एकच कार्ड. दुसरं कार्ड मागायचं नाही.” दुसरं कार्ड म्हणजे पंचिंग दुप्पट, तपासणी दुप्पट, आणि हजारोंच्या गठ्ठ्यात एकाची दोन कार्डं एकमेकांपासून तुटली तर निकालाचा सत्यानाश. मी दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. आसन क्रमांकाला सहा घरं. महाविद्यालयाच्या संकेतांकाला तीन. सात विषय, प्रत्येकाचा संकेतांक तीन आणि गुण तीन, म्हणजे बेचाळीस. मुलगा की मुलगी याला एक, सवलतीला एक, कार्डाच्या प्रकाराला दोन. राहिली पंचवीस, ती नावाला. बरोबर ऐंशी. एकही घर वाया गेलं नव्हतं. साहेबांनी शीट उलटसुलट पाहिलं आणि चहा मागवला, ही त्यांची शाबासकी. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

*

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९८५ साली पवईला आय.आय.टी.त पीएच.डी.साठी गेलो. विषय होता डेडलॉक, म्हणजे अनेक कामं एकमेकांची वाट पाहत कायमची अडकून पडतात ती कोंडी. पहिल्याच्या हातात जे आहे ते दुसऱ्याला हवं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, तिसऱ्याचं पहिल्याला. कोणी हातातलं सोडायला तयार नाही. १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अशी कोंडी व्हायला चार गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातलं धरून ठेवून दुसरं मागितलं जातं. कोणाच्या हातातलं काढून घेता येत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारांतली एक मोडा, कोंडी होत नाही. यावर मी चार वर्षं घालवली. घरचे विचारायचे, याचा उपयोग काय? मलाही नीट सांगता यायचं नाही.

परत येऊन विद्यापीठात शिकवायला लागलो. शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेटवरून पहिली ई-मेल पाठवली तेव्हा ती पोचली का हे विचारायला फोनही केला. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा वर्गात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. मग जुन्या प्रोग्रामांतलं दोन आकडी वर्ष दुरुस्त करण्याची, वायटूकेची लाट आली आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं अमेरिकेला गेली. ज्या कोबॉलला आम्ही म्हातारं म्हणून हिणवत होतो, त्याच्याच जोरावर गेली.

संगणकरचना शिकवायला मी हेनेसी आणि पॅटरसन यांचं १९९० सालचं पुस्तक घेत असे. त्यातले हेनेसी २००० साली स्टॅनफर्डचे अध्यक्ष झाले आणि सोळा वर्षं राहिले. बातमी वाचून मी वर्गात म्हणालो होतो, “चिप बनवणारा माणूस विद्यापीठ कसं चालवणार?” हा प्रश्न चौदा वर्षांनी माझ्याच दाराशी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कुलगुरूपदासाठी अर्ज केला तो विभागप्रमुख म्हणून सहा वर्षं चिडण्यात गेल्यावर. शोध समितीपुढे सादरीकरण, पाच नावं राज्यपालांकडे, मलबार हिलवर राजभवनात मुलाखत. बाहेर समुद्र, आत मी एकटाच घामाघूम. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, “आता घरी प्रोग्राम लिहीत बसणार नाही ना?” मी म्हटलं, वेळच मिळणार नाही.

तिथेच चुकलो. पहिल्याच सत्रात एके रात्री निकालाचा प्रोग्राम अडला. ग्रेस गुणांचा एक नियम उलटा लागत होता. संगणक विभागातला तरुण रडकुंडीला आला होता. मी रात्री साडेदहाला तिथे गेलो, खुर्ची ओढली आणि चूक काढून दिली. तीन ओळी. घरी येताना इतका खूश होतो की गाडीत गुणगुणत होतो.

सकाळी कुलसचिव आले. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाले, “सर, काल रात्री आपण जे बदललंत, त्याची टिपणी कुठे आहे?”

मी म्हटलं, “टिपणी कसली? चूक होती, काढली.”

“बरोबर आहे सर. पण उद्या एखादा विद्यार्थी न्यायालयात गेला आणि विचारलं की या रात्री नियम कोणी बदलला, कोणत्या अधिकारात बदलला, तर आम्ही काय दाखवायचं? कुलगुरू स्वतः येऊन बसले होते, हे?”

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवतो, चालत्या प्रणालीत हात घालायचा तर नोंद ठेवा, जुनी प्रत ठेवा, दुसऱ्याकडून तपासून घ्या. कचेरीतली टिपणी म्हणजे हीच नोंद, कागदावरची. तिला हसण्यात माझे पहिले सहा महिने गेले होते. त्या दिवसापासून मी नस्ती वाचायला शिकलो. तिच्यातला दोष लिहिण्यात नव्हता, विचारलेल्या प्रश्नात होता. म्हणून मी एक बारीक बदल केला. परीक्षा विभागाच्या टिपणीच्या नमुन्यात वर एक रकाना घातला, ‘नेमकं कुठे अडलं?’ तो भरल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही. पहिलं वर्षभर त्यात ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून यायचं. वर काहीच नसायचं.

*

निकालाची गोष्ट या ‘कुठे’चीच आहे. आमचे निकाल साठ-साठ दिवस लागायचे. सगळ्यांचं एकमत होतं की संगणक जुने आहेत, नवे सर्व्हर घ्या. कुलगुरू संगणकातला, तेव्हा तो नाही म्हणणार नाही, असाही हिशेब असावा. मी एका परीक्षेचे साठ दिवस मांडून घेतले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रांवरून गोळा होऊन, क्रमांक झाकून तपासणी केंद्रावर जायला बारा दिवस. तपासणीला पस्तीस. महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणांची वाट पाहण्यात दहा. संगणकावर तीन.

जीन अम्डाल यांचा १९६७ सालचा एक नियम आहे. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता, तो एकूण कामात जेवढा असेल तेवढाच फायदा होतो. संगणकाचे तीन दिवस शून्यावर आणले तरी साठाचे सत्तावन्नच होणार होते. व्यवस्थापन परिषदेत मी हे फळ्यावर लिहून दाखवलं. सर्व्हरची खरेदी पुढे ढकलली आणि तो पैसा तपासणी केंद्रं वाढवण्यात, शिक्षकांच्या प्रवासखर्चात आणि त्यांच्या दुपारच्या जेवणात घातला. एका सदस्याने विचारलं, “सर, आपण संगणकवाले ना?” म्हटलं, म्हणूनच.

२०१७च्या मार्चपासून नवा विद्यापीठ कायदा लागू झाला. त्यात परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावणं बंधनकारक केलं. त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल लांबत गेले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी तिथल्या कुलगुरूंना पदावरून दूर केलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुलगुरूने तो उन्हाळा श्वास रोखून पाहिला असेल. आमच्याकडेही पडद्यावरच्या तपासणीचा प्रस्ताव तयार होता. आम्ही एका लहान विद्याशाखेत, एकाच विषयाला, तो लावून पाहिला. तपासणारे प्राध्यापक उत्तर वाचण्यापेक्षा पानं उलटण्यातच थकत होते. पुढे गेलो, पण बैलगाडीच्या वेगाने. पंचेचाळीस दिवसांच्या आत यायला आम्हांला आणखी दीड वर्ष लागलं, आणि दोन परीक्षांचे निकाल मी असेपर्यंत कधीच वेळेत आले नाहीत.

चार वर्षांच्या डेडलॉकचाही उपयोग झाला. संशोधक विद्यार्थ्यांना शेवटी नादेय प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे नो ड्यूज म्हणतात. ग्रंथालय म्हणायचं, आधी वसतिगृहाची सही आणा. वसतिगृह म्हणायचं, आधी विभागाची. विभाग म्हणायचा, आधी ग्रंथालयाची. मुलं दोन-दोन आठवडे फिरायची आणि ओळख काढून कोणाला तरी ‘आधी तुम्ही करा’ असं पटवायची. मी विद्यार्थी संघटनेचं निवेदन वाचत होतो आणि एकदम हसू आलं. पवईत ज्याच्यासाठी रात्री जागवल्या ते वर्तुळ समोर टाइप होऊन आलं होतं. उपाय पाठ्यपुस्तकातलाच. प्रत्येक कार्यालयाला क्रमांक दिला आणि परिपत्रक काढलं की कोणीही आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकाची सही मागू शकणार नाही. वर्तुळ मोडलं. एक रुपया खर्च आला नाही. बहुधा म्हणूनच ते काम झालं असं कोणाला वाटलं नाही.

*

आता फसलेली गोष्ट. हेनेसींच्या पुस्तकातलं एक तत्त्व मी वीस वर्षं शिकवलं होतं: जे नेहमी घडतं ते आधी वेगवान करा, क्वचित घडणाऱ्याला थोडा वेळ लागला तरी चालेल. यंत्राच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. मी तेच परीक्षा विभागाच्या खिडक्यांना लावलं. सात खिडक्या होत्या, उन्हात रांगा, धक्काबुक्की. कोणती कामं जास्त येतात ते मोजलं, सात प्रकार निघाले, ते सगळे पोर्टलवर घेतले आणि खिडक्या बंद केल्या. वर्तमानपत्रात फोटो आले. रिकाम्या आवाराचा फोटो माझ्या केबिनमध्येही लावला होता.

आठव्या प्रकारच्या माणसाने कुठे जायचं, हे मी ठरवलं नव्हतं. खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना ते माहीत होतं. त्या चष्म्यावरून बघायच्या, खेकसायच्या, पण अर्जावर काहीतरी लिहून योग्य टेबलाकडे धाडायच्या. त्यांची बदली मी अभिलेख कक्षात केली होती.

२०१८च्या पावसाळ्यात एक मुलगी आणि तिचे वडील माझ्या दालनाबाहेर सकाळपासून बसून असल्याचं शिपायाने सांगितलं. चार तास एसटीने आले होते. मुलगी बी.एस्सी. झालेली, सरकारी नोकरीच्या यादीत नाव लागलेलं, कागदपत्रांची पडताळणी चार दिवसांवर. आधार कार्डावर पूर्ण नाव, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर पूर्ण नाव, आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव अर्धवट.

तिने पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज तीनदा केला होता, शुल्क तीनदा भरलं होतं. तीनदा नवी गुणपत्रिका आली होती आणि तिन्हींवर तेच अर्धवट नाव. तिन्ही तिने माझ्यासमोर पत्त्यांसारखी मांडली.

वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजी अक्षरांत आडनाव दहा अक्षरी, मुलीचं नाव नऊ अक्षरी, मधल्या दोन मोकळ्या जागा. पुढे डी, एन, वाय, ए, आणि संपलं. वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. गुणपत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हे ‘ज्ञा’ म्हंजे मीच.”

मी संगणक विभागाच्या प्रमुखांना बोलावलं. ते म्हणाले, “सर, पोर्टलच्या रकान्यात तेवढीच अक्षरं बसतात. मुलीने पूर्ण टाइप केलं असेल, पण पुढचं जातच नाही.”

“किती बसतात?”

“पंचवीस.”

“पंचवीसच का?”

“पहिल्यापासून तसंच आहे सर. ओरॅकलवर आलो तेव्हा फॉक्सप्रोच्या डेटाशी जुळावं म्हणून तेवढंच ठेवलं.”

फॉक्सप्रोत का? डीबेसशी जुळावं म्हणून. डीबेसमध्ये का? टेपवरच्या नोंदींशी जुळावं म्हणून. ते सांगत होते आणि मी मनात दहा अधिक एक अधिक नऊ अधिक एक अधिक चार करत होतो. टेपच्या आधी काय होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तरी खात्री हवी होती. अभिलेख कक्षात गेलो. खिडकीवरच्या बाई आता तिथे होत्या. मी वर्ष सांगितलं, त्यांनी शिडी लावली आणि वीस मिनिटांत कापडी बांधणीची एक फाइल माझ्यापुढे आपटली. आत पिवळी पडलेली कोडिंग शीट होती. पेन्सिलीचं अक्षर, कोपऱ्यात माझी सही, खाली १९८२. दहाव्या घरापासून चौतिसाव्यापर्यंत एक कंस आणि त्यावर ‘नाव’.

बाईंनी चष्म्यावरून शीट पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “अशी नावं खिडकीवर दर वर्षी यायची सर. मी हाताने पूर्ण नाव लिहून शिक्का मारून द्यायचे. कोणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही.”

पस्तीस वर्षं माझी चूक एक बाई शाईच्या पेनाने दुरुस्त करत होती. आणि मी त्यांची खिडकी बंद केली होती.

*

त्या मुलीला त्याच संध्याकाळी हाताने लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र दिलं. पडताळणीत ते चाललं. पण नस्ती तयार झालीच. प्रश्न मोठा होता, रकाना बदलायचा तर सगळी प्रणाली हलवावी लागणार होती. संगणक विभागाची टिपणी, परीक्षा विभागाची टिपणी, आणि शेवटी सवयीने, ‘जबाबदारी निश्चित करण्यासाठी सादर.’ वरचा माझा रकाना मात्र या वेळी भरलेला होता: ‘नाव: २५ अक्षरं. मूळ कार्ड आराखडा, १९८२.’

मी हिरव्या शाईने लिहिलं, ‘आराखडा मी केला होता. जबाबदारी माझी. नावाला शंभर घरं द्यावीत. दुरुस्तीचं शुल्क घेऊ नये, घेतलेलं परत करावं. खिडकी क्रमांक १ पुन्हा सुरू करावी.’

कुलसचिव नस्ती घेऊन परत आले. “सर, ते दुसरं वाक्य नस्तीत नको. उद्या कोणी माहिती अधिकारात मागितलं तर?”

“देऊ या.”

ते थोडा वेळ उभे राहिले आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. त्या एका वाक्याचा एक परिणाम मी अपेक्षिला नव्हता. पुढच्या महिन्यात तीन वेगवेगळ्या टेबलांवरून तीन जुन्या चुका आपणहून वर आल्या, सह्यांसकट. चूक कुठे आहे ते एकदा नक्की झालं की ती कोणाची हे सांगायला माणूस फारसा घाबरत नाही. घाबरतो तो आधी नाव आणि मग जागा शोधली जाते तेव्हा.

सगळं मात्र दुरुस्त झालं नाही. त्याच सुमाराला राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरीत जुन्या पदव्या चढवायच्या होत्या आणि तिथे नाव जुळलं नाही की नोंद अडत होती. १९८२नंतरच्या ज्यांची नावं कापली गेली, त्यांची पूर्ण नावं आमच्याकडे उरलीच नव्हती. परीक्षा अर्ज ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. जे साठवलंच नाही ते कोणत्याही संगणकाला परत आणता येत नाही, हे मी मुलांना शिकवत आलो होतो. आता तो धडा मी माणसांच्या नावांत पाहत होतो. कोणी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आलं तर नाव पूर्ण करून देता येतं. जे आले नाहीत ते अजून तसेच अर्धे आहेत. काही आजोबा-आजी झाले असतील.

माझ्या काळातल्या कामगिरीची पुस्तिका निघाली तेव्हा तिच्यात इमारती होत्या, करार होते, मूल्यांकनाची श्रेणी होती. खिडकी क्रमांक १ नव्हती. त्या बाई निवृत्त होईपर्यंत तिथेच बसल्या. आता तिथे त्यांनी तयार केलेला एक मुलगा आहे. तोही चष्म्यावरून बघतो, असं ऐकतो.

२०१९ साली मी पुन्हा वर्गात आलो. आठवड्यातून दोन दिवस एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतो. पहिल्या तासाला संगणक लावू देत नाही. प्रत्येकाला कागदावर आपलं पूर्ण नाव इंग्रजीत लिहायला सांगतो, आईचं आणि वडिलांचं नाव धरून, आणि अक्षरं मोजायला लावतो. गेल्या वर्षी वर्गात बासष्ट मुलं होती. पंचवीस घरांत एकही बसला नाही.